उस्मानाबादी बोकड चांगल्या मटणासाठी कसा वाढवावा

आमच्या भागात गेल्या दहा-पंधरा वर्षांत शेळ्या वाढल्या, पण काळी उस्मानाबादी कमी झाली. गोठ्यात डोकावलं की लांब पानासारख्या कानाची, तपकिरी ठिपक्यांची, लाल डोक्याची करडं दिसतात. कुणी सिरोही आणली, कुणी बीटल, कुणी आफ्रिकन बोअरचा बोकड आणून कळपात सोडला. सगळ्यांचा हिशोब एकच: वजन लवकर यावं. वजन येतंही. पण बरड माळावर आणि सुक्या कडब्यावर तग धरणारी, जुळी देणारी आणि ज्या मटणासाठी लोक सोलापूर-हैदराबादहून माणसं पाठवतात ती शेळी हातातून निसटत चालली आहे. शुद्ध उस्मानाबादी आज शोधावी लागते. ती शोधून, सांभाळून तिचे बोकड मटणासाठी नीट तयार करायचे तर काय काय करावं लागतं, ते इथं सविस्तर लिहितो. धाराशिव जिल्ह्यात चाळीसभर शेळ्यांचा कळप सांभाळताना जे हाताला लागलं, तेच यात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही जात हळू वाढते. बोअरच्या संकराशी वजनाची शर्यत लावली तर ती हरणारच. तिची किंमत मटणाच्या चवीत, जुळ्या करडांत आणि कमी खर्चात आहे. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या तीन गोष्टी टिकवण्यासाठी आहेत.

जात ओळखायची कशी

उस्मानाबादी ही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद असलेली जात. मूळ मुलूख धाराशिव आणि लातूर जिल्हा, त्यातही तुळजापूर, उदगीर हा पट्टा. शेजारच्या सोलापूर, बीड, परभणी, अहिल्यानगरातही ती पसरलेली आहे. बहुतेक शेळ्या काळ्याभोर असतात. काहींच्या कानावर पांढरे ठिपके असतात, काही तपकिरी किंवा बांड्याही निघतात. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. काळा रंग संकराच्या करडालाही येतो.

कान मध्यम लांबीचे आणि लोंबते हवेत. कान नाकाच्याही खाली जात असतील किंवा नाक पोपटासारखं बाकदार असेल तर त्यात बीटलचं रक्त समजा. बोकडाला बहुधा शिंगं असतात. शेळ्यांत शिंगवाल्या आणि बोडक्या दोन्ही सापडतात. पाय उंच आणि कणखर, अंग सडपातळ, केस आखूड आणि तेल लावल्यासारखे चकचकीत. पूर्ण वाढलेल्या शेळीचं वजन सरासरी ३२ किलोच्या आसपास, बोकडाचं ३४ च्या आसपास. चांगल्या खुराकावरचा पैदाशीचा बोकड याच्या बराच पुढे जातो. कुणी ८० किलोचा ‘प्युअर उस्मानाबादी’ दाखवला तर हात जोडून पुढं चला.

खात्रीची जनावरं घ्यायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं. मराठवाड्यात ती पडेगाव, अंबाजोगाई, मुखेड आणि तुळजापूर तालुक्यातल्या तीर्थ इथं आहेत. तिथं नंबर लावावा लागतो, पण वंश माहीत असतो. दुसरी वाट म्हणजे वाडी-वस्तीवरची जुनी घरं. ज्या घरात आजीपासून नातसुनेपर्यंत बायकांनीच शेळ्या राखल्या आहेत तिथं जा आणि त्या बाईशीच बोला. ‘‘मावशी, हिची आई अजून हाय का? हिनं मागल्या येताला किती दिली?’’ एवढं विचारलं की ती अख्खी वंशावळ तोंडपाठ सांगते. घरातला पुरुष मात्र बहुतेक वेळा फक्त किंमत सांगतो.

शेळी निवडताना आधी कास बघा. दोन्ही सड सारखे हवेत, कासेत गाठ नको आणि मागच्या वेतात जुळी झालेली हवी. मग दात बघा. खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असतात. दोन मोठे दात आले की वय साधारण सव्वा वर्ष, चार आले की दोन वर्षांच्या आसपास, आठ पूर्ण झाले की चार वर्षं. सुरुवातीला दोन किंवा चार दाती शेळ्या घ्या. पैदाशीचा बोकड जुळ्यातलाच घ्या, आणि शक्य असेल तर त्याची आई डोळ्यांनी बघून घ्या. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो.

बाजारातून आणलेलं जनावर थेट कळपात सोडू नका. एका दिवाळीत आठवडी बाजारातून दोन देखण्या पाठी (तरुण शेळ्या) आणल्या आणि संध्याकाळी तशाच दावणीला बांधल्या. पाचव्या दिवशी त्यातली एक डोळ्यातून पाणी गाळू लागली. मग नाक वाहायला लागलं, हिरड्यांवर भाजल्यासारख्या जखमा आल्या, हगवण लागली. पीपीआर होता, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग. आठवड्याभरात माझी स्वतःची नऊ करडं गेली. चूक माझ्या घाईची होती. आता नवं जनावर किमान २१ दिवस वेगळ्या झाडाखाली, वेगळ्या बादलीवर राहतं, आणि त्याचं सगळं करणारा माणूस कळपातलं काम आटोपून शेवटी त्याच्याकडे जातो.

गोठा

गोठ्यावर पैसा ओतायची गरज नाही. पत्र्याचं किंवा पाचटाचं छप्पर, खाली मुरमाची ठोकलेली जमीन, लांबी पूर्व-पश्चिम. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट छताखाली आणि त्याच्या दुप्पट जागा उघड्या जाळीच्या आवारात. करडांना ४ ते ५ चौरस फूट पुरतात. पैदाशीच्या बोकडाला २० चौरस फुटांचा स्वतंत्र कप्पा द्या, नाहीतर खुराकावर तो सगळ्यांना ढुशा मारतो. गव्हाण जमिनीपासून फूटभर उंच हवी; पायाखाली गेलेला चारा शेळी पुन्हा तोंडात घेत नाही. पंधरा दिवसांनी जमिनीवर चुना भुरकवायचा आणि पावसाळ्यात ओल धरू द्यायची नाही. मराठवाड्यातला उन्हाळा या शेळीला झेपतो, ओल झेपत नाही. करडं दगावतात ती बहुतेक श्रावण-भाद्रपदातल्या चिखलात.

वेत कधी साधायचं

उस्मानाबादी वर्षभर माजावर येते, म्हणून वेत कधी यावं हे आपल्याला ठरवता येतं. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. मे-जूनमध्ये शेळ्या भरवल्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करडं होतात. तेव्हा पाऊस सरलेला असतो, बांधावर हिरवं असतं, सोयाबीन-उडदाचं भुसकट घरात पडलेलं असतं आणि हवा कोरडी असते. ही करडं पुढच्या आषाढात आठ-नऊ महिन्यांची होतात. आखाडात मटणाला किती मागणी असते, हे मराठी माणसाला सांगायला नको. आठ ते दहा महिन्यांच्या बोकडाचं मटण कोवळंही असतं आणि त्यात चवही भरलेली असते. तीन-चार महिन्यांच्या करडाचं मटण मऊ लागतं पण पाणचट. दोन वर्षांच्या बोकडाचं चरबट आणि शिजायला जड.

आखाड सरला की श्रावण, गणपती, नवरात्र असे तीन महिने मागणी पडते. तेव्हा विकायला बोकड उरू नयेत, असं वेत साधा. चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा, नवसाच्या कंदुऱ्या आणि जावळं हा दुसरा हंगाम. बकरी ईदसाठी वाढवायचे असतील तर बोकड वर्षाच्या वरचा, दोन दाती आणि निर्दोष लागतो. शिंग मोडलेला, कान फाटलेला किंवा लंगडता बोकड कुर्बानीला सहसा घेत नाहीत. ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. म्हणजे जन्माचा महिना दर दोन-तीन वर्षांनी मागं घ्यावा लागतो. ईदवाले गिऱ्हाईक आधीच ठरवा, कारण त्यांचे बोकड खच्ची करायचे की नाही हे त्यांना विचारूनच ठरवावं लागतं.

पैदाशीचा बोकड दर दोन वर्षांनी बदलायचा. तेवढ्यात त्याच्याच पाठी माजावर येतात, आणि बाप-लेकीचं रक्त एक झालं की करडं बारकी, कमजोर निघायला लागतात. शेजारच्या गावातल्या पाळणाऱ्याशी बोकडाची अदलाबदल करा; पैसेही लागत नाहीत आणि जातही तीच राहते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उस्मानाबादीच्या सुधारणेवर शेतकऱ्यांच्या कळपात काम केलेलं आहे. निवडीचा त्यांचा पाया म्हणजे नोंदी, आणि तो आपल्यालाही जमण्यासारखा आहे.

पहिले तीन महिने

व्यायला आलेली शेळी कळपातून बाजूला होते, जमीन उकरते, मागं वळून स्वतःच्या कुशीकडे बघते. करडू पडलं की नाकातोंडातला चिकटा स्वच्छ फडक्याने पुसा, पण आईला चाटू द्या. नाळ अंगापासून दोन-तीन इंचांवर बांधून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नुसतं हाताने लावून भागत नाही, छोट्या वाटीत बुडवाच. अर्ध्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसभरात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक मिळाला तर ते निम्मी लढाई जिंकतं. आमच्याकडे जुळी करडं दोन ते अडीच किलोची जन्मतात, म्हणजे प्रत्येकी पाव लिटरच्या आसपास. जुळ्यातलं दुबळं करडू आधी सडाला लावा. दांडगं आपलं आपण बघतं.

पंधराव्या दिवसापासून करडांसमोर शेवरी-सुबाभळीचा कोवळा पाला टांगा. खाली टाकू नका, त्यांच्या नाकाच्या उंचीवर दोरीने बांधा. एक महिन्यापासून मूठभर भरडा. तीन महिन्यांनी दूध तोडा. एक ते चार महिन्यांच्या करडांत रक्ती हगवण फार होते. शेणात रक्त दिसलं की घरगुती औषधात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

खच्ची करायचं कधी

मटणाच्या दृष्टीने हा टप्पा सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका इथंच बहुतेक लोक उशीर करतात. वयात आलेल्या बोकडाला उग्र वास येतो. तो वास त्याच्या चरबीत उतरतो आणि तिथून रश्शात. शिवाय तो दिवसभर शेळ्यांमागे धावतो आणि खाल्लेलं जिरवून टाकतो. खच्ची केलेला बोकड शांत राहतो, अंगावर मऊ चरबी धरतो आणि मटणाला वास येत नाही.

सरकारी दवाखान्यात चिमट्याने खच्ची करून देतात. त्यात कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, माश्या बसत नाहीत. वय तीन महिन्यांच्या आसपास ठेवा. फार लवकर केलं तर मूत्रनलिका अरुंद राहते, आणि पुढे भरड्याच्या खुराकावर लघवीत खडा अडकण्याचा धोका वाढतो. बोकड लघवीला ताणतो, शेपटी हलवतो, थेंब-थेंब करतो, ही त्याची खूण. त्यापासून बचाव म्हणजे भरपूर पाणी, खुराकात मीठ आणि नुसत्या धान्याचा मारा न करणं. चिमटा लावल्यावर महिनाभराने हाताने चाचपून बघा. एखाद्या वेळी एक बाजू सुटते.

ज्या बोकडाची आई चांगली, जुळ्यातला, अंगाने भरलेला आणि जातीच्या सगळ्या खुणा असलेला आहे, तो मात्र खच्ची करू नका. तो पैदाशीला ठेवा किंवा पैदाशीसाठीच विका. चांगला बोकड खाटकाला आणि उरलेला बोकड कळपाला, हा उलटा व्यवहार आपल्याकडे फार झाला. जात बिघडली ती त्यातूनही.

चारा: चव इथं तयार होते

मराठवाड्यातल्या मटणाला जी चव आहे ती बांधावरच्या पाल्याची आहे. बोर, बाभूळ, लिंब, उंबर, हिवर, पांगारा असं दहा झाडांचं तोंड मारत शेळी हिंडते. दिवसातून चार-पाच तास तरी चरायला सोडा. पूर्ण बंदिस्त ठेवून नुसत्या मक्याच्या मुरघासावर वाढवलेला बोकड वजन धरतो, पण त्याचं मटण खाऊन कुणी मागं वळून विचारत नाही. जागा नसेल तर उघड्या आवारात फिरू द्या आणि पाला तोडून आणून टांगा.

तुरीचं, हरभऱ्याचं आणि सोयाबीनचं भुसकट मराठवाड्यात ढिगाने पडतं. पावसात भिजू न देता झाकून ठेवलं तर वर्षभर पुरतं. यात तुरीचं भुसकट शेळी सर्वात आवडीने खाते. कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा. नाहीतर ती पानं ओरबाडून धाटं तशीच ठेवते. हिरव्यासाठी बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावा, विहिरीजवळ दहा गुंठे दशरथ घास करा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर देऊ नका; त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात, भूक मंदावते.

३० किलोच्या जनावराला रोज अडीच-तीन किलो हिरवा चारा, किलोभर वाळला आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक असा साधा हिशोब. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि दूध पाजताना शेळीचा खुराक वाढवा, कारण करडाचं अंग तिथंच घडतं. स्वच्छ पाणी दोनदा, उन्हाळ्यात तीनदा. गोठ्यात क्षाराची वीट टांगलेली असावी.

चैत्र-वैशाखात गावठी बाभळीच्या शेंगा गळतात. त्या पोत्यात भरून ठेवा. आमच्या आजीच्या काळापासून शेंगांच्या दिवसांत बोकडांच्या अंगावर चमक येते, हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. वेड्या बाभळीच्या शेंगा मात्र पोटभर खाऊ देऊ नका. घाणेरीचं झुडूप चरणीत असेल तर उपटून काढा. त्याने कातडी उन्हात भाजल्यासारखी सोलते आणि यकृत खराब होतं. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे ज्वारीचे फुटवे हे तर सरळ विष. शेळी तासाभरात आडवी होते. कणसं पडल्याशिवाय किंवा फुटवे वाळल्याशिवाय त्या रानात पाय टाकू देऊ नका.

आणखी एक इशारा सुगीचा. खळ्यावर ज्वारी-सोयाबीनची रास पडलेली असते, शेळी दाव्यातून सुटते आणि पोट फुटेस्तोवर दाणे खाते. चार तासांनी ती मान टाकून उभी असते, पोट डाव्या बाजूला टच्च, दात खाते. पोटात आंब होते आणि उपचार उशिरा मिळाला तर वाचत नाही. सुगीच्या दिवसांत दावं दोनदा तपासा. त्याला दुसरा उपाय नाही.

शेवटचे नव्वद दिवस

पाच-सहा महिन्यांचा झाला की विकायचे बोकड कळपातून वेगळे काढा. आता त्यांच्या अंगावर मांस चढवायचं. लातूरच्या दाल मिलांमुळे आपल्याकडे तुरीची आणि हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) सहज मिळते, याचा फायदा घ्या. मी शंभर किलो खुराकात ४५ किलो मका किंवा ज्वारीचा भरडा, २५ किलो चुनी, १७ किलो शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, १० किलो गव्हाचा कोंडा, २ किलो क्षारमिश्रण आणि १ किलो मीठ घेतो. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नका.

पहिल्या दिवशी बोकडाला १०० ग्रॅमच द्या. दोन आठवड्यांत हळूहळू ३०० ते ४०० ग्रॅमवर न्या, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून. आधी वाळला चारा, मग खुराक, हा क्रम मोडू नका. चरणं बंद करू नका, फक्त दोन-तीन तासांवर आणा. चालण्याने मांसाला पोत येतो.

दर रविवारी वजन करा. मी बारदानाच्या पोत्याला चार भोकं पाडली आहेत. बोकडाचे चार पाय त्यातून खाली काढायचे, पोत्याची दोन्ही टोकं दोरीने एकत्र बांधून आढ्याला लावलेल्या डिजिटल काट्याच्या आकड्यात अडकवायची आणि अलगद उचलायचं. पहिल्यांदा तो ओरडतो, तिसऱ्या रविवारी गप्प लोंबकळतो आणि आजूबाजूला बघत राहतो. त्याच्या नंबरापुढं पाटीवर आकडा लिहायचा: २१.४, २२.१, २२.६. दिवसाला ८० ते १०० ग्रॅम चढत असतील तर खुराक लागू पडतोय. दोन आठवडे आकडा हलला नाही तर खुराक वाढवू नका, आधी शेण तपासा. बहुतेक वेळा जंत निघतात.

नऊ-दहा महिन्यांत २५ ते २८ किलो झाला की थांबायचं. त्याच्या पुढे तुम्ही चरबी चढवता, आणि शेळीच्या जातीत ती मांसाच्या तंतूंत फारशी जात नाही. मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यावर साठते. खाटीक ती काढून फेकतो. तुमचा मका तिथं गेलेला असतो.

जंत आणि लसी

दर तीन महिन्यांनी डोळे झाकून जंताचं औषध पाजायची सवय मोडा. एकच औषध पुन्हापुन्हा, तेही अंदाजाने कमी पाजल्याने जंत त्याला दाद देईनासे होतात. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढा. आतली त्वचा लालबुंद असेल तर ठीक. गुलाबी फिकट दिसली तर लक्ष ठेवा. पांढरी पडली असेल तर रक्त पिणारे जंत आहेत, आणि तिला औषध त्याच दिवशी, वजन करून. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शेणाचे नमुने तपासून मिळतात. पावसाळ्याच्या आधी आणि सरताना एकेकदा तपासणी कराच. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका.

पीपीआरची लस तीन-चार महिन्यांच्या वयात, तिचं संरक्षण तीन वर्षं टिकतं. आंत्रविषाराची लस मे महिन्यात, पहिल्यांदा देताना पंधरा दिवसांनी दुसरा डोस, नंतर दरवर्षी. मृगाच्या पहिल्या पावसानंतर लुसलुशीत गवत फुटतं आणि सर्वात दांडगं करडूच रात्रीत मरून पडतं, तेव्हा आंत्रविषार असतो. घटसर्प आणि देवीची लस वर्षातून एकदा, लाळ्या-खुरकुताची सहा महिन्यांनी. सगळ्या तारखा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवा.

विकायच्या बोकडाला कुठलंही प्रतिजैविक किंवा जंताचं औषध दिलं तर त्याचा अंश मांसातून जाईपर्यंतचे दिवस मोजा. किती दिवस, ते औषधाच्या वेष्टनावर असतं. नसेल तर डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस विक्री पुढं ढकला. चांगलं मटण म्हणून जास्त पैसे घ्यायचे असतील तर ही जबाबदारी आपली.

विक्री वजनावर

बाजारात व्यापारी बोकडाच्या मागं येतो, कमरेच्या मणक्यावर पंजा ठेवतो, अंगठा आणि बोटं दोन्ही बाजूंनी दाबतो. मग रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. मणक्याची टोकं हाताला टोचली तर जनावर हाडकुळं, बोटं मांसात रुतली तर भरलेलं. त्याचा हात खोटं बोलत नाही, पण त्या हाताला काय कळलं ते तो तुम्हाला सांगत नाही. म्हणून हीच परीक्षा आधी घरी स्वतः करा आणि बोकड वजनावरच विका.

हिशोब असा. उस्मानाबादीत जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के मटण पडतं. समजा तुमच्या गावात मटण ७६० रुपये किलो आहे आणि बोकड २८ किलोचा आहे. ४८ टक्के धरले तर साडेतेरा किलोच्या जवळ मटण, म्हणजे सुमारे १०,२०० रुपये. मुंडी, पाय, वजडी, कलेजी आणि कातडं वेगळं. खाटकाची मजुरी आणि त्याचा नफा यातून वजा करा. उरलेल्या रकमेच्या खाली दावं सोडू नका. मटणाचा दर बदलला की हेच गणित नव्याने मांडा.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे थेट कुटुंबांना विकणं. चार घरं मिळून एक बोकड घेतात. मटणाची विक्री स्वतः करायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते आणि कापणं मान्य ठिकाणीच करावं लागतं. लहान पाळणाऱ्याने बोकड जिवंत विकावा आणि परवानाधारक खाटकाकडे कापून द्यावा, हे सोपं पडतं. मोठा पसारा करायचा असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढच्या गटांना ५० टक्के भांडवली अनुदान आहे. पण आधी दहा शेळ्यांवर दोन वर्षं काढा, मगच तो अर्ज भरा.

कापायच्या आदल्या दिवसापासून ताटापर्यंत

नऊ महिन्यांची मेहनत शेवटच्या बारा तासांत वाया जाऊ शकते. घाबरलेल्या, दमलेल्या, पाय बांधून मोटारसायकलवर आडव्या टाकून नेलेल्या बोकडाच्या स्नायूंतली साखर आधीच संपून जाते. कापल्यावर मांसात जे आम्ल तयार व्हायला हवं ते होत नाही. मटण काळपट, चिकट राहतं, लवकर खराब होतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच, उन्हं उतरल्यावर, सोबत्यासह न्या. रात्री चारा बंद, पाणी समोर. बारा तास उपाशी ठेवल्याने आतडी रिकामी राहतात आणि मटणाला घाण लागत नाही. सकाळी थंड वेळेत, दुसऱ्या जनावरांच्या नजरेआड काम व्हावं.

कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात. त्या अवस्थेत शिजवलेलं मटण कितीही शिट्ट्या दिल्या तरी चिवट लागतं. म्हणून एकतर पहिल्या दीड-दोन तासांत चुलीवर चढवा, आपल्याकडे कंदुरीत तसंच होतं, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी खा. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचं असेल तर हाडासकट मोठे भाग ठेवा, लगेच बर्फाच्या कप्प्यात कोंबू नका. गरम मांस एकदम गोठलं की ते आकसतं. खालच्या कप्प्यात रात्रभर राहू द्या आणि सकाळी तुकडे करा. शहरातल्या गिऱ्हाइकांना हे मी स्वतः सांगतो, कारण मटण चिवट लागलं की बोल बोकडाला लागतो.

माझ्या वहीत प्रत्येक बोकडापुढं त्याच्या आईचा नंबर, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, विक्रीचं वजन आणि पडलेलं मटण लिहिलेलं असतं. शेवटचा रकाना गिऱ्हाइकाचा. चार दिवसांनी फोन करून विचारतो, ‘‘वहिनी, मटण कसं होतं? किती वेळात शिजलं?’’ आणि जे सांगतील ते तसंच उतरवतो. गेल्या हंगामात ‘‘येसर टाकायच्या आधीच रस्सा घट्ट लागला, पोरांनी भाकरी चुरून खाल्ली’’ असं एकाच महिन्यात तीन घरांनी सांगितलं. वही उलटून बघितली तर तिन्ही बोकड १७ नंबरच्या शेळीचे आणि तिच्या बहिणीचे. १७ नंबरच्या दोन पाठी यंदा राखल्या आहेत. तिच्या धाकट्या बोकडाला चिमटा लावलेला नाही. तो पुढच्या मे महिन्यात शेजारच्या गावच्या कळपात जाईल आणि तिथला बोकड इकडे येईल.